नियमाबाहेरची इंग्रजी



आजच्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार कितपत, हा प्रश्न मीं प्रथम स्वतःलाच विचारून पाहिला. मी इंग्रजीचा पंडित नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक झालेला, पुढें अध्यापनाची पदविका घेऊन मराठी शाळांतून उमेदीचीं वर्षें घालविलेला आणि आतां सेवानिवृत्त झालेला एक मास्तर आहें. सन २००० च्या जूनपासून महाराष्ट्रांतील शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकविण्यास आरंभ झाला आणि ही घोरपड आम्हां मराठी शाळांतील मास्तरांच्या गळ्यांत येऊन पडली. भाषा फारशी येत नव्हती; व्याकरण मात्र येत होतें. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आणि रेन व मार्टिन यांचें व्याकरण हीं दोन पुस्तकें हातीं धरून मी वर्गांत उभा राहिलों. ज्याला गांवचा रस्ता ठाऊक नसतो तो नकाशावर अंमळ अधिकच विश्वास ठेवतो, तशी माझी गत झाली. अधिकार म्हणाल तर एवढाच, कीं ह्या विषयांत मीं चुका केल्या आहेत, आणि त्या मला नव्हे, दुसऱ्यांना भोंवल्या आहेत.

एक मुलगी आठवते. चौथीचा वर्ग, पावसाळ्याचे दिवस, दार लोटलेलें. बाहेरून थाप पडली. मीं आंतून इंग्रजींत विचारलें, कोण आहे? उत्तर आलें, "इट्स मी, सर." बहुधा दूरचित्रवाणीवर ऐकलेलें वाक्य असावें, पण किती सहज आलें होतें! मीं तिला भिजल्या दप्तरानिशीं उंबरठ्यावर उभी केली आणि "इट इज आय" असें पांच वेळां म्हणवून घेतलें. वर्ग हंसला. त्या वर्षांत ती मुलगी आपण होऊन पुन्हां इंग्रजीचा एक शब्द बोलली नाहीं.

आतां मीं सांगितलेला नियम पुस्तकांत होता, हें खरें. 'टु बी' ह्या क्रियापदानंतर सर्वनाम आलें तर तें प्रथमेंत असावें, असें तेथें छापलेलें होतें. परंतु हा नियम आला कोठून? आपल्या वैयाकरणांपुढें जसा संस्कृताचा आदर्श, तसा जुन्या इंग्रज पंडितांपुढें लॅटिनचा. लॅटिन भाषेंत विभक्ति शब्दाच्या शेवटीं चिकटलेली असते. शब्द वाक्यांत कोठेंही ठेवा, त्याचें नातें कळतें. इंग्रजीनें मात्र आपले प्रत्यय शतकानुशतकें झिजवून टाकले आणि नात्याचें काम जागेवर सोंपविलें. क्रियापदाच्या आधींची जागा कर्त्याची, नंतरची कर्माची. इंग्रजाच्या जिभेला ही संवय इतकी जडली, कीं नंतरच्या जागीं 'आय' म्हणणें त्याला अवघडल्यासारखें होऊं लागलें. तो 'मी' म्हणूं लागला. (हा त्यांचा 'मी' म्हणजे आपला 'मला', हें श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें, ह्या एका अक्षरानें पुष्कळ घोटाळे केले आहेत.) फ्रेंच माणूसही अशा वेळीं साधें प्रथमेचें रूप वापरीत नाहीं. आज दारावर थाप मारून "इट इज आय" म्हणणारा इंग्रज भेटला, तर तो नाटकांतील पात्र तरी असेल, नाहीं तर माझ्यासारखा मास्तर.

ही समज मला वेळेवर आली असती तर किती बरें झालें असतें! ती आली निवृत्तीनंतर, आणि तीही ठेंच लागून.

माझी मुलगी इंग्लंडांत असते. तीन-चार वर्षांपूर्वीं तिच्या मुलानें, म्हणजे माझ्या नातवानें, मला हातानें लिहिलेलें पत्र पाठविलें. वय वर्षें बारा. आजोबांना पत्रें आवडतात, असें आईनें सांगितलें म्हणून बिचाऱ्यानें टपालाचें तिकीट लावून धाडलेलें. आरंभच असा: "लाँग टाइम नो सी, आजोबा!" पुढें, "हाऊ यू डुइंग?" मग, "मी अँड माय फ्रेंड वेंट फिशिंग." आणि शेवटीं, "आय एन्ट सीन यू फॉर एजेस." एका पानांत चार अपराध! मीं लाल शाईचें पेन काढलें. चारी वाक्यें दुरुस्त केलीं, समासांत नियम लिहिले, आणि तेंच पत्र नव्या पाकिटांत घालून उलट टपालीं परत पाठविलें. नातवाचें हित केल्याचें समाधान मला त्या रात्रीं झोंप येईपर्यंत पुरलें.

त्यानंतर आठ महिने त्याचें पत्र नाहीं. अखेर मुलीनें दूरध्वनीवर सांगितलें, "बाबा, तो म्हणतो, मी काय लिहिलें तें आजोबांना नको होतें, कसें लिहिलें तें हवें होतें."

पत्र हातचें गेलें होतें; परंतु तीं चार वाक्यें मला तोंडपाठ झालीं होतीं. त्यांचें कूळ शोधावें म्हणून मी ग्रंथालयांत जाऊं लागलों. जें सांपडलें त्यांतील थोडेंसें सांगतों.

पहिलें वाक्य घ्या: "लाँग टाइम नो सी." फार काळ, नाहीं, पाहणें. कर्ता नाहीं, काळ नाहीं, नकाराला आधार देणारें साहाय्यक क्रियापद नाहीं. सहावीच्या मुलानें उत्तरपत्रिकेंत असें लिहिलें तर मीं त्यावर फुली मारली असती. आतां हें कूळ ऐका. चीनमधील कँटनच्या बंदरांत अठराव्या शतकापासून इंग्रज व्यापारी आणि चिनी दुकानदार यांच्यामध्यें व्यवहारापुरती एक कामचलाऊ भाषा तयार झाली. तिला पिजिन म्हणतात. 'बिझनेस' ह्या शब्दाचा चिनी उच्चार तोच हा, असें बहुतेक विद्वान मानतात. चिनी भाषेंत क्रियापदाला काळाचे प्रत्यय लागत नाहींत. कर्ता उघड असेल तर तो सांगण्याचीही गरज नसते. म्हणून शब्द इंग्रजी आणि बांधणी चिनी, असा तिचा थाट होता. "नो कॅन डू", म्हणजे जमणार नाहीं, हें आज सर्रास ऐकूं येणारें वाक्य ह्याच बोलींतलें. चिनी माणसें पुष्कळ दिवसांनीं भेटलीं म्हणजे जें म्हणतात त्याचा शब्दशः तर्जुमा केला तर "लाँग टाइम नो सी" हेंच तयार होतें. कांहीं विद्वान त्याचा उगम अमेरिकेंतील आदिवासींच्या इंग्रजींत पाहतात. कूळ दोहोंपैकीं कोणतेंही असो, जात एकच. परक्या माणसाची ही मोडकीतोडकी इंग्रजी.

येथें मी बराच वेळ थबकलों. असल्या वाक्यांना गोरी माणसें आरंभीं हंसत असत. चिनी माणसाची नक्कल करून गंमत म्हणून तीं बोलत असत. हंसतां हंसतां तींच वाक्यें त्यांच्या जिभेवर बसलीं. आज लंडनचा किंवा न्यूयॉर्कचा सुशिक्षित मनुष्य जुन्या मित्राला मिठी मारतांना "लाँग टाइम नो सी" म्हणतो, तेव्हां आपण कोणाची भाषा बोलतों आहों ह्याची त्याला आठवणही नसते. ज्यांच्या बोलण्याला नांवें ठेविलीं, त्यांचेंच बोलणें घरांत येऊन बसलें! आमच्या मुलांची इंग्रजी ऐकून तोंडाला पदर लावणाऱ्या शहरी मंडळींना हें मुद्दाम सांगावेंसें वाटतें.

दुसरें वाक्य, "हाऊ यू डुइंग?" ह्यांत 'आर' गळला आहे. घाईच्या बोलण्यांत ज्या शब्दावर जोर नसतो तो इंग्रज गिळतो, आणि त्यांतही वाक्याच्या तोंडचे शब्द आधीं गिळतो. "सी यू", "वाँट सम टी?", "बीन देअर" ह्या सर्वांत आरंभींचा शब्द पोटांत गेलेला आहे. आपणही पाहुण्याला "तुम्ही चहा घेणार आहांत काय?" असें विचारीत नाहीं, "चहा घेणार?" म्हणून मोकळे होतों. मराठींत क्रियापदाच्या रूपावरून कर्ता बहुधा कळतो, इंग्रजींत तो प्रसंगावरून ओळखावा लागतो, एवढाच भेद. आणि गंमत पाहा, पहिलीच्या मुलांना आम्ही शाळेच्या पहिल्या आठवड्यांत जें "थँक यू" शिकवितों, त्याला तरी कर्ता कोठें आहे? पूर्ण वाक्य "आय थँक यू" असें व्हावयास हवें. इतकीं वर्षें नियमभंग शिकवून मी नियमाच्या नांवानें छड्या मारीत होतों.

तिसऱ्या वाक्यांतील 'मी अँड माय फ्रेंड' ह्याविषयीं फार बोलत नाहीं. लेखनांत 'माय फ्रेंड अँड आय' असेंच असावें. पण खेळून घरीं आलेलें इंग्रज पोर तसें बोलत नाहीं, हें खरें. मात्र माझ्यासारख्या मास्तरांनीं ह्या 'मी'ची एवढी दहशत घातली, कीं जेथें 'मी' हेंच शुद्ध, तेथेंही चांगलीं शिकलेलीं माणसें भीतीनें 'आय' घालतात. 'बिट्वीन यू अँड मी' ह्याच्या जागीं 'बिट्वीन यू अँड आय' हा अशुद्ध प्रयोग त्या भीतीचें अपत्य आहे.

चौथा अपराधी 'एन्ट'. ह्याच्याइतकी बदनामी दुसऱ्या कोणत्याही इंग्रजी शब्दाच्या वांट्यास आली नसेल. वस्तुतः सतराव्या शतकाच्या अखेरीस तो 'अ‍ॅम नॉट', 'आर नॉट' यांचा संक्षेप म्हणून आला आणि पुढें 'इज नॉट', 'हॅव नॉट' यांच्याही जागीं चालूं लागला. एके काळीं इंग्लंडांतील उच्चकुलीन मंडळीही तो बोलत. पुढें शाळामास्तरांनीं त्याला गांवकुसाबाहेर घातलें. पण बाहेर घातल्यामुळें एक अडचण उभी राहिली. "मी उशीरा आलों, नाहीं का?" हें इंग्रजींत कसें विचारावें? 'ही इज' ला 'इझन्ट ही', 'यू आर' ला 'आरन्ट यू'. मग 'आय अ‍ॅम' ला काय? न्यायानें 'अ‍ॅमन्ट आय' हवें. स्कॉटलंड-आयर्लंडांत तसें म्हणतातही. इंग्लंडांतील शिष्ट माणूस मात्र "आरन्ट आय?" म्हणतो. 'आय आर' असें कोणी मेल्यास बोलणार नाहीं. परंतु उलट प्रश्न विचारतांना तेंच रूप प्रतिष्ठित! दक्षिण इंग्लंडांत 'र' चा उच्चार लुप्त होतो, त्यामुळें जुनें 'आन्ट' आणि 'आरन्ट' हे दोन शब्द कानाला एकच झाले, आणि बहिष्कृत शब्द 'र' चा टिळा लावून पुन्हां पंक्तीला येऊन बसला.

पत्रांतील वाक्यें संपलीं, तरी माझा शोध थांबला नाहीं. "आय डोंट नो नथिंग" असलीं दोन नकारांचीं वाक्यें घ्या. दोन नकार मिळून होकार होतो, असें आम्ही मुलांना सांगत आलों. हा गणिताचा हिशेब अठराव्या शतकांतील व्याकरणकारांनीं भाषेवर लादला. चौदाव्या शतकांतील कवि चॉसर एका वाक्यांत तीन-चार नकार खुशाल रचीत असे, आणि त्यामुळें नकार बळकटच होत असे. आपल्याकडे कोणी आग्रहानें वाढूं लागला आणि आपण "नाहीं, नाहीं!" म्हटलें, तर तो दोन नकारांचा होकार समजून पानांत श्रीखंड ओततो काय? (क्वचित् ओततो, पण तें व्याकरणामुळें नव्हे.) वाक्याच्या शेवटीं शब्दयोगी अव्यय नसावें, ह्या नियमाची कथाही अशीच. ड्रायडन ह्या कवीनें १६७२ सालीं बेन जॉन्सनला त्याबद्दल दोष दिला, आणि पुढें स्वतःचे जुने लेखही तपासून तसलीं वाक्यें फिरविलीं. रॉबर्ट लाऊथ यांच्या १७६२ च्या प्रसिद्ध व्याकरणांत ह्या लकबीची चर्चा आहे. आणि आमच्या भाषेचा ओढा हिच्याकडे फार आहे, असें सांगणारें त्यांचें वाक्यच मुळीं 'टु' ह्या अव्ययानें संपतें!

कांहीं ठिकाणीं तर जिला आपण चूक म्हणतों ती नियमाहून जुनी असते. घाटांतून मोटारीनें जातांना वळणावर 'गो स्लो' अशी पाटी दिसते. क्रियाविशेषण हवें, तेव्हां 'स्लोली' लिहा, असें मी मनांतल्या मनांत कितीदां म्हणालों असेन. परंतु प्राचीन इंग्रजींत विशेषणाला नुसता 'ए' जोडून क्रियाविशेषण होत असे. पुढें तो अंत्य 'ए' उच्चारांतून गळाला आणि दोन्हीं रूपें सारखीं दिसूं लागलीं. 'स्लो', 'हार्ड', 'फास्ट' हे त्या पिढीचे वंशज आहेत. माझ्याच एका विद्यार्थ्यानें नियमावर श्रद्धा ठेवून वडिलांविषयीं "ही वर्क्स हार्डली" असें लिहिलें होतें. वडील शेतांत मरमर मरत होते, आणि वाक्याचा अर्थ झाला, ते जेमतेमच काम करतात! तसेंच 'सिक्स फूट' चें. सहा म्हटल्यावर अनेकवचन 'फीट' हवें, पण इंग्रज आपली उंची सांगतांना 'सिक्स फूट' म्हणतो. पूर्वीं संख्येपुढें षष्ठीचें अनेकवचन येत असे; त्याचा प्रत्यय झिजला आणि उरलेलें रूप एकवचनासारखें दिसूं लागलें. आपण ज्याला एकवचन समजून दोष देतों, तें झिजलेलें अनेकवचन आहे.

हें सर्व वाचून झाल्यावर मीं नातवाला क्षमेचें पत्र लिहिलें. मराठींतच लिहिलें, त्याच्या आईनें वाचून दाखविलें. पुढच्या दिवाळींत तो इकडे आला, आणि मग माझी परीक्षा सुरू झाली. मी बाजारांत निघालों आणि संवयीनें "येतों रे" म्हणालों. तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही तर जातां आहां!" दुसऱ्या दिवशीं त्याला अंगणांत थांबवून "आलोंच" म्हणत आंत गेलों. परत येऊन पाहतों तर स्वारी विचारांत पडलेली. "तुम्ही गेलांत तेव्हांच 'आलों' कसें म्हणालांत? तो तर भूतकाळ." शेजारच्या काकू आल्या, असें आजीनें सांगतांच तो किती काकू आल्या तें पाहावयास धांवला. मीं त्याला आदरार्थी बहुवचन समजावून दिलें. त्यावर तो म्हणाला, "म्हणजे आमच्या 'दे' सारखें?" कोणाची तरी छत्री राहिली, हें सांगतांना इंग्रज लोक एकट्या माणसालाही 'देअर अंब्रेला' म्हणतात, तें त्याच्या मनांत होतें. तेथें तो आदर नव्हे, पुरुष कीं स्त्री हें ठाऊक नसल्यामुळें केलेली सोय. आणि ती चौदाव्या शतकापासून चालत आली आहे. पण अनेकवचनानें एकाला संबोधण्याची ही युक्ति दोन्ही भाषांना सुचली, हें त्या पोरानें मला दाखविलें. 'येतों' आणि 'आलोंच' यांचें व्याकरण मात्र मला शेवटपर्यंत नीट सांगतां आलें नाहीं. जाणाऱ्यानें जातों म्हणूं नये, एवढेंच सांगितलें.

ह्याचा अर्थ इंग्रजींत चूक म्हणून कांहीं उरलीच नाहीं, असा कोणी काढूं नये. "आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स", "डिस्कस अबाउट", "रिटर्न बॅक" हीं आपल्या मराठी-हिंदी बांधणीवर इंग्रजी शब्द चढवून केलेलीं वाक्यें आहेत. न जाणों, शंभर वर्षांनीं त्यांचेंही "नो कॅन डू" होईल, पण आज तसें झालेलें नाहीं, आणि परीक्षकाला शंभर वर्षें थांबण्याची सवड नसते. मी मुलांना एकच कसोटी सांगतों. ती भाषा जन्मतः बोलणारीं माणसें एकमेकांशीं बोलतांना हा प्रयोग करतात काय, आणि करीत असतील तर कोठें? खेळाच्या मैदानावर, घरांत कीं अर्जांत? 'एन्ट' समजला पाहिजे. नोकरीच्या अर्जांत तो लिहिणें हा वेडेपणा होय. धोतर घरांत गुडघ्यापर्यंत खोंचलेलें शोभतें, लग्नमंडपांत नाहीं. म्हणून घरांतलें धोतर अशुद्ध ठरत नाहीं. ज्यांचीं मुलें आज दूरच्या देशांतील लोकांशीं बोलून पोट भरतात त्यांना मी सांगेन, कीं समोरच्याचें नियमाबाहेरचें वाक्य ऐकून मुलानें गोंधळूं नये, आणि आपलें एखादें वाक्य नियमाबाहेर जाईल ह्या धास्तीनें मुकेंही बसूं नये. उंबरठ्यावर भिजत उभी राहिलेली ती मुलगी आज कोठें आहे, मला ठाऊक नाहीं. तिला हें भाषण ऐकूं आलें, तर तिचें उत्तर बरोबर होतें, असें तिनें समजावें.

गेल्या महिन्यांत नातवाचें पत्र आलें. ह्या खेपेस तें देवनागरींत होतें; अक्षरें वाळूंत चाललेल्या खेंकड्यासारखीं, पण देवनागरी. शेवटीं लिहिलें होतें: "आजोबा, मी तुमची आठवण येतो." त्यांचा 'मी' आणि आपला 'मी' यांचा घोटाळा पुन्हां झाला होता. ही रूढि नव्हे, ही साधी चूक. लाल पेन टेबलावरच होतें. मीं निळें घेतलें आणि उत्तराच्या पहिल्याच ओळींत लिहिलें, "मलाही तुझी फार आठवण येते." पत्र तसेंच टपालांत टाकलें.